काझिस रामोश्काच्या तीनशेव्या विजयाबाबत

मी, अपोलोनिया, कै. युओझास स्टुल्गिस यांची थोरली मुलगी, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, धंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार खाणकामगारांची दुसरी आळी, घर क्रमांक एकोणीस, केटल रन, पेनसिल्व्हेनिया, आज शनिवार दिनांक ३ सप्टेंबर १९३८ रोजी, शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही, असे अशा कागदात म्हणावे लागते. दडपण आहे, पण ते मी हे लिहू नये म्हणून आहे, तेव्हा वरचे वाक्य खोटे ठरत नाही असे मी धरते.

या वयात, अंगात तापही नसताना, मृत्युपत्र कशाला, हे सांगणे भाग आहे. उद्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या मैदानावर बेसबॉलचा सामना आहे. आमचा पिचर काझिस रामोश्का उद्या जिंकला तर तो त्याचा तीनशेवा विजय होईल, अशी सगळ्यांची समजूत आहे. तो बघायला तीन हजार माणसे येतील. मैदानाखालचा कोळसा काढून घेतलेला आहे आणि ती जमीन तीन हजार माणसांना पेलेल असे मला वाटत नाही. सामन्याची अधिकृत नोंद ठेवणे हे माझे काम. सामना झाला तर मी तिथे बसणार.

कलम १. मी राहते ते घर कोळसा कंपनीचे आहे, ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. दारापुढची टोमॅटोची तीन आळी, कोबी आंबवायचे पिंप आणि कुंपणाजवळचे नाशपतीचे झाड ही मात्र आमची आहेत. ती माझी धाकटी बहीण ब्रोने हिला द्यावीत. मागच्या भिंतीला मे महिन्यात भेग पडली आहे. ती कंपनीची.

कलम २. बँकेचे पुस्तक, शिवणयंत्र, आईची पिसांची रजई आणि माझी सर्व पुस्तके ब्रोनेला. तिने परिचारिकेचा अभ्यास पुरा करावा, मध्ये कोणी कितीही चांगले स्थळ आणले तरी. आमच्या घरात लिहायला शिकलेली पहिली मी. त्यामुळे नवव्या वर्षापासून आळीतली सगळी पत्रे, नोटिसा आणि औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे येत. आपण एक शब्द चुकीचा वाचला तर कोणाचे तरी घर जाईल किंवा कोणीतरी दुप्पट औषध पिईल, या धास्तीत मी वाढले. मी अजूनही प्रत्येक ओळ तीनदा वाचते. ब्रोनेने दोनदाच वाचावी.

कलम ३. वडिलांचा खाणीतला दिवा काझिस रामोश्काला. माझे वडील सांगायचे की छत पडण्याआधी खाण बोलते. आधी लाकडी टेकू कुरकुरतात, मग बारीक खडी गळते, मग उंदीर निघून जातात. ज्याला ऐकू येते तो घरी येतो. मी खाणीत कधी उतरले नाही, पण बारा वर्षे मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसते आहे आणि या उन्हाळ्यात मला टेबलाच्या पायांतून ते ऐकू येऊ लागले. आधी वाटले, माझ्या मनाचे खेळ. मी तशी घाबरटच आहे, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून मी मोजायला सुरुवात केली.

कलम ४. मैदानाची देखभाल करणारे अंतानास शिलेइका या कागदावर साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे शाळेतल्या कायद्याच्या पुस्तकात आहे. म्हणून त्यांच्यासाठी काढून ठेवलेला वडिलांचा कोट ब्रोनेकडे जाईल आणि त्यांना फक्त माझे आभार.

पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो तो पंधरा इंचांपेक्षा उंच नसावा असा नियम आहे. दर शनिवारी आम्ही दोघे फीत लावून तो मोजतो. मे महिन्यापासून तो दर आठवड्याला इंच-दीड इंच बसतो आहे. अंतानासकाका दोन गाडे माती घालून तो पुन्हा पंधरावर आणतात. त्यांचा एक हात खाणीत गेला. एका हाताने गाडा ढकलत ते मला म्हणाले, "मास्तरीणबाई, हा खातोय. मी भरवतोय आणि हा खातोय. माझा मेव्हणा असाच होता."

मी हसले. मग विचारले, मेव्हण्याचे पुढे काय झाले. ते म्हणाले, "एक दिवस ताटासकट गिळून गेला निघून." आज सकाळी उंचवटा सव्वाचार इंच बसलेला होता. इतका एका आठवड्यात कधीच बसला नव्हता. काकांनी विनोद केला नाही.

कलम ५. कंपनीचे व्यवस्थापक श्री. हार्कनेस यांना मी माझी खुर्ची ठेवते. ती नोंदीच्या टेबलाशी, पहिल्या बेसच्या बाजूला आहे. पुढचा प्रत्येक सामना त्यांनी तिथे बसून पाहावा.

जुलै महिन्यात मी मोजमापांची वही घेऊन त्यांच्या कचेरीत गेले होते. त्यांनी पाने उलटली, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि म्हणाले, "मिस स्टुल्गिस, तुम्ही धावा मोजा. जमीन मोजायला आमच्याकडे माणसं आहेत." पुढच्याच आठवड्यात साहेब लोकांची बाके घरच्या बेसमागून, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या पाठीमागून, उचलून डाव्या अंगाच्या खडकावर नेण्यात आली. तिथून पिचरचे तोंडसुद्धा दिसत नाही. सावलीसाठी नेली असे सांगण्यात आले. त्या खडकावर एकही झाड नाही. त्या खडकाखाली कोळसाही नाही.

शाळेच्या समितीचे अध्यक्षही श्री. हार्कनेसच आहेत. ऑगस्टमध्ये मला समज देणारे पत्र आले, की शिक्षिकेने अफवा पसरवणे शोभत नाही. ते पत्र या कागदाला जोडले आहे.

खाली काय चालले आहे हे मला काझिसदादाने सांगितले. छत तोलायला म्हणून कोळशाचे जे जाड खांब राखून ठेवतात तेच आता कंपनी काढून घेते आहे. घरच्या बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याखालचेही, निघालेले आहेत आणि ते काढणाऱ्या टोळीत तो स्वतः आहे. सोमवार ते शनिवार तो मैदानाखाली खांब काढतो आणि रविवारी त्याच मैदानावर उभा राहून चेंडू फेकतो. तो हे कुठे बोलला तर नोकरी जाईल आणि त्याच्या आईला कंपनीचे घर सोडावे लागेल. इथे लिहायला मात्र त्याने परवानगी दिली. "तू मेलीस तरच वाचणार ना कोणी? मग लिही खुशाल," असे म्हणाला.

लोकांना मी सांगितले नाही असे नाही. दुकानात सांगितले, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितले. कोणी खोटे म्हणाले नाही. आमच्या गावात जमीन खचते म्हणून कोणी घरी बसत नाही, कारण घरही त्याच जमिनीवर असते.

कलम ६. नोंदवह्या, एकूण बारा, लीगच्या चिटणिसांकडे जाव्यात. माझ्या आधीच्या अकरा वर्षांच्या वह्या कै. श्री. बाल्ट्रुस यांच्या हातच्या आहेत. त्या मी तीनदा तपासल्या आहेत आणि त्यांत चूक नाही.

लोक एका आकड्यासाठी का येतात, हे पुढे हा कागद वाचणाऱ्याला कळावे. सामना संघ जिंकतो, पण तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो आणि जन्मभर त्याच्यामागे चालतो. शंभर झाले की गावात नाव होते. दोनशे झाले की मुलांना ते नाव ठेवतात. तीनशे म्हणजे काय, ते मोठ्या लीगकडे पाहावे. हा खेळ सुरू झाल्यापासून आजवर तिथे अकराजण तीनशेला पोचले. चारशेच्या वर फक्त दोघे आणि पाचशेच्या वर एकटा. जुन्या काळी दोनच पिचर आलटून पालटून वर्षभर फेकत, तेव्हा आकडे भराभर वाढत. आता एकेक विजय ओढून आणावा लागतो. आमची लीग लहान आहे, पण काझिसदादाने हे सगळे दिवसभर खाणीत राबून, तेवीस उन्हाळ्यांत केले. तो बेचाळीस वर्षांचा आहे आणि पायऱ्या चढताना त्याला दोनदा थांबावे लागते. लोक उद्या येतील ते त्याने खरेच कमावलेले बघायला. त्यांना नावे ठेवायला माझी जीभ धजत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. एकाच सामन्यात दोन पिचरांनी फेकले तर विजय कोणाचा, हे नोंद ठेवणारा ठरवतो. मोठ्या लीगमध्येही तसेच. रिवाज असा की संघाची आघाडी असताना जो उंचवट्यावरून उतरला आणि ती आघाडी पुढे मोडली नाही, त्याचा विजय. पण शेवटी लिहिणाऱ्याची पेन्सिल. त्यामुळेच जुन्या नामवंत पिचरांचे आकडेसुद्धा अजून मागेपुढे होतात आणि त्यावरून म्हातारे भांडतात.

कलम ७. हे एकच कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता लागू व्हावे. उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर फादर युर्गिस यांनी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचावे.

रविवार, १० जुलै १९२७ रोजी मी सोळा वर्षांची होते आणि नोंदीच्या कामाचे ते माझे पहिलेच वर्ष होते. त्या दिवशी काझिस रामोश्काने सात डाव फेकले. आमची आघाडी पाच विरुद्ध तीन होती. चेंडू लागून त्याचे बोट फाटले म्हणून तो उतरला आणि शेवटचे दोन डाव त्याचा धाकटा भाऊ विन्त्सास याने फेकले. विन्त्सास एकवीस वर्षांचा होता आणि पिचर म्हणून फारसा बरा नव्हता. त्या दोन डावांत त्याने एकही धाव दिली नाही. सामना संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, वहीत डोकावला आणि म्हणाला, "आमचंही नाव असतं का गं कुठे त्यात?" मी म्हटले, असते, खालच्या ओळीत. रिवाजाप्रमाणे मी विजय काझिसच्या नावावर लिहिला होता. तेच बरोबर होते.

गुरुवारी, १४ जुलैला, विन्त्साससह चारजणांवर खाणीचे छत कोसळले. तो भाग कंपनीने भिंत घालून बंद केला. कोणालाही वर आणले नाही.

शुक्रवारी मी नोंदीचा कागद लीगकडे पाठवायला काढला. काझिसचे नाव खोडरबराने पुसले आणि तिथे विन्त्सासचे लिहिले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. माझ्या हाताने त्याला काहीतरी द्यावे एवढेच मनात होते, आणि माझ्याकडे द्यायला दुसरे काही नव्हते. वर्तमानपत्रात ते तसेच छापून आले. त्याच्या आईने, मार्त्सेले मावशींनी, त्या सामन्यातला चेंडू आणून माझ्याकडून त्यावर 'विन्त्सास रामोश्का, विजय १' असे लिहून घेतले. तो चेंडू अकरा वर्षे त्यांच्या घरात मेरीमातेच्या तसबिरीशेजारी आहे.

मी खोटी नोंद केली. त्या पानावर कागद विरळ झालेला आहे, उजेडात धरल्यास खाली पुसलेले 'का' अजून दिसते. काझिसला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो अकरा वर्षांत एका शब्दाने बोलला नाही.

तरी मी जाहीर करते की १० जुलै १९२७ चा विजय काझिस रामोश्का याचा आहे. त्यामुळे त्याचे विजय कालपर्यंत धरले तसे दोनशे नव्व्याण्णव नसून तीनशे आहेत. तीनशेवा विजय गेल्या रविवारी, २८ ऑगस्टला, डच हॉलोच्या मैदानावर, पावसात झाला. तेव्हा आमच्या गावची सदतीस माणसे हजर होती. ती मी मोजली होती. उद्या जो होईल तो तीनशे एकावा. तीनशे एकावा बघायला कोणी डोंगर ओलांडून येत नाही, आणि कोणी येऊ नये.

कलम ८. हे कलम चर्चमध्ये वाचू नये. फक्त ठेवावे.

कलम सात मी जाहीर करणार, हे काल मी काझिसदादाला सांगितले. तो चर्चच्या भिंतीला टेकला. मग म्हणाला, "म्हणजे गेल्या रविवारी झाले माझे तीनशे? डच हॉलोत? त्या चिखलात?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "चौथ्या डावात मला ओकारी आली होती." मी म्हटले, तेही वहीत आहे. त्यावर तो हसला, आणि मग रडला असावा, कारण त्याने टोपी पुढे ओढली.

उद्याचा सामना रद्द होणार नाही. काझिस आला नाही तर कंपनी दुसरा पिचर उभा करील, आणि मी आले नाही तर कचेरीतला कारकून वही उघडून बसेल. दोघेही खाणीचा आवाज ओळखणारे नसतील. म्हणून आम्ही दोघे जाणार. आमचे ठरले आहे. बारा वर्षांत सामना चालू असताना मी टेबलावरून एकदाही उठलेले नाही, हे मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूला माहीत आहे. उद्या मी उठून उभी राहिले तर काझिस चेंडू टाकून देईल आणि दोन्ही संघांना खडकाकडे पळवील. अठरा माणसे पळवता येतात. तीन हजार पळवता येत नाहीत, ती एकमेकांना तुडवतात. सगळा प्रश्न त्या तीन हजारांचा आहे आणि तो कलम सातवर अवलंबून आहे.

मी वेळेवर उठेन की नाही याची मला खात्री नाही. मी तीनदा वाचणारी बाई आहे. उद्या एकदाच ऐकून उठावे लागेल.

कलम ९. फादर युर्गिस यांनी कलम सात वाचायला एक अट घातली. ते म्हणाले, मेलेल्या माणसाचे नाव पुसायचे तर त्याच्या घरच्याची साक्ष पाहिजे, नाहीतर मी वेदीवरून बोलणार नाही. काझिसची साक्ष चालणार नाही, कारण लाभ त्यालाच होतो. उरल्या मार्त्सेले मावशी. त्यांची सही नसेल तर कलम सात वाचले जाणार नाही आणि उद्या सगळे येतील. त्यांना या मृत्युपत्रातून मी काहीही ठेवलेले नाही, उलट त्यांच्याकडून घेते आहे.

कलम १०. माझ्यामागे या कागदाची अंमलबजावणी ब्रोनेने करावी. मला आईशेजारी, वरच्या टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवावे, जर ठेवण्यासारखे काही मिळाले तर.

साक्ष

वरील मजकूर अपोलोनिया स्टुल्गिस हिने आमच्यासमोर वाचून दाखवला व आमच्यासमोर त्यावर सही केली. पहिले साक्षीदार अंतानास शिलेइका यांनी डाव्या हाताने सही केली आहे.

दुसऱ्या साक्षीदार मार्त्सेले रामोश्का, वय अडुसष्ट, यांना लिहिता-वाचता येत नसल्याने कलम सात मी, अपोलोनियाने, त्यांना आपल्या लिथुएनियन भाषेत दोनदा वाचून दाखवले. त्या काय म्हणाल्या हे मी इथे नोंदवते, म्हणजे त्यांना न कळता अंगठा घेतला असे पुढे कोणी म्हणू नये.

दुसऱ्या वाचनानंतर त्यांनी विचारले, "तू पुसलंस तेव्हा मला का नाही सांगितलंस, पोरी?"

मी म्हटले, "मावशी, तुम्ही इतक्या आनंदात तो चेंडू घेऊन आलात."

"आनंदात," त्या म्हणाल्या. "विन्त्सासला चेंडू नीट धरतासुद्धा येत नव्हता. मी आई आहे त्याची, मला ठाऊक नसेल?"

मग त्यांनी विचारले, हे वाचल्यावर उद्या माणसे घरी राहतील का. मी म्हटले, बरीच राहतील. त्यांनी विचारले, आणि काझिस? मी खोटे बोलू शकले असते. मी सांगितले की काझिस जाणार, मीही जाणार.

अंतानासकाका म्हणाले, "मार्त्सेले, घाई नाही, विचार कर."

"अकरा वर्षं तेच करतेय," त्या म्हणाल्या. "माझं एक पोर खाली आहे. त्याच्या डोक्यावर उद्या तीन हजार माणसं नाचवू? आण ती शाई."

शाई मी लावली. अंगठा त्यांनी स्वतः उमटवला.

लिहून ठेवणार: अपोलोनिया यु. स्टुल्गिस (सही)

साक्षीदार:
१. अंतानास शिलेइका (सही, डाव्या हाताची)
२. मार्त्सेले रामोश्का (डाव्या अंगठ्याचा ठसा)

स्थळ: केटल रन
दिनांक: ३ सप्टेंबर १९३८, दुपारी चार वाजता

अंगठा उमटवत असताना टेबल हलल्यामुळे ठसा किंचित फाकला आहे. टेबलाला तिघांपैकी कोणीही धक्का दिला नव्हता.